डोक्यावर शिंगं कोणाच्या

नवे संचालक संग्रहालयात येऊन अकरा आठवडे झाले होते आणि एवढ्यात त्यांना प्राण्यांमधल्या चुका दिसायला लागल्या होत्या. मी इथे तेवीस वर्षं पेंढा भरलेल्या प्राण्यांची डागडुजी करते. फाटलेले कान शिवते, काचेचे डोळे बसवते, कसर लागली की ब्रश घेऊन बसते. मला तेवीस वर्षांत न दिसलेलं यांना अकरा आठवड्यांत दिसलं. माणूस हुशार असणार, दुसरं काय!

त्या सोमवारी ते शिंगांच्या दालनात शेवटच्या काचघरासमोर उभे होते. आत रेनडिअरचा देखावा आहे. कापूस आणि मिठाचा बर्फ, बर्फात खुराने उकरलेला खड्डा, त्या खड्ड्यात तोंड घालून चारा शोधणारं एक पाडस. पाडसापुढे मान खाली घालून, शिंगं रोखून उभी असलेली लहानखुरी मादी. आणि तिच्यासमोर, एक पाय मागे घेतलेला, बिनशिंगांचा मोठा थोरला नर.

"बाई, हे उलटं झालंय," साहेब म्हणाले. "नराची शिंगं मादीला लागलीत. शुक्रवारी दालन पुन्हा उघडायचंय. पाहुणे हसतील आपल्याला. सुताराला सांगा, तिची कापा आणि याला बसवा."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

मी समजावलं. अगदी पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. साहेब, बैलाचं शिंग जन्मभराचं असतं, पण सांबर-चितळांच्या जातीत ते दर वर्षी गळतं आणि नवं उगवतं. रेनडिअरचे मोठे नर माद्यांसाठी शिंगाला शिंग लावून झुंजतात, आणि तो मोसम सरला की हिवाळ्याच्या तोंडालाच त्यांची शिंगं गळून पडतात. मादीची मात्र टिकतात, थेट विण्याच्या दिवसांपर्यंत. कारण हिवाळ्यात ती गाभण असते, मागच्या वर्षीचं पोर पायात घोटाळत असतं, आणि बर्फ उकरून तिने चारा काढला की हे धटिंगण आयत्या खड्ड्यावर येतात. तेव्हा ती शिंगं रोखते आणि तो मागे सरतो. देखाव्यात तेच दाखवलंय.

"ते पुस्तकात असेल," साहेब म्हणाले. "बघणाऱ्याला काय वाटतं ते महत्त्वाचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा देखावा माझ्या सख्ख्या मावशीने केलाय. तीच माझी या कामातली गुरू. दोन वर्षं ती या तीन जनावरांपाशी होती. त्या मादीच्या मानेचा बाक जमेना म्हणून तिने ती मान चार वेळा उसवली. देखाव्यावर तिचं नाव कुठेच नाही, ते तिने कधी मागितलंही नाही. शुक्रवारच्या कार्यक्रमाला ती येणार होती. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच. आठवडाभर मला फोन करून विचारत होती, "केस रंगवू का गं? की असेच बरे दिसतात?"

पण मीही कच्च्या गुरूची चेली नाही. म्हटलं, "साहेब, जुन्या कातड्यांना आतून सोमल चोळलेलं असतं. विष. करवत लावली की त्याची भुकटी उडणार. दालन तीन दिवस बंद ठेवावं लागेल आणि आदेश देणाऱ्याची लेखी सही लागेल. कागद आणू?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना अचानक बैठक आठवली. मी त्या दिवशी घरी गेले ती गड जिंकल्यासारखी.

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर तीन नव्या पितळी पाट्या होत्या. लहानीसाठी 'नर'. मोठ्यासाठी 'मादी'. आणि तिसरी लांब पाटी होती, तिच्यावर कोरलेलं, 'सुखी कुटुंब. नर बर्फ उकरून मादी व पिल्लाला चारा मिळवून देतो.'

मी ती पाटी तीनदा वाचली. नवरा शेळीएवढा आणि बायको म्हशीएवढी, हे यांना चालणार होतं. आयत्या खड्ड्यावर डल्ला मारायला आलेला गडी आता घरचा माणूस झाला, आणि जिने खुरं झिजवून खड्डा खणला तिला बाई म्हणून घ्यायचीसुद्धा सोय राहिली नाही. फक्त शिंगं बाईच्या डोक्यावर दिसता कामा नयेत! मी तरातरा साहेबांच्या खोलीत गेले.

ते म्हणाले, "शिंगं वाचली ना तुमची? आता पाट्या तरी बसवा. नाहीतर दुरुस्ती विभागाची गरज आहे का, हे तसंही तपासायचंच आहे."

आणि मी बसवल्या. खोटं कशाला सांगू? घरी दोन मुली शिकतायत, नवऱ्याचं काम धड चालत नाही, मी शेपूट घातली. जुन्या तिन्ही पाट्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवल्या आणि नव्या, काचघरात शिरून, एकेक स्क्रू पिळून घट्ट केल्या. मादीच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं. ते डोळेही मीच पुसत आले होते, दर महिन्याला.

शुक्रवारी मावशी काठी टेकत आली. केस रंगवले नव्हते. पाहुणे देणगीदार पेढीवरचे, शाळेतले, वर्तमानपत्रातले, सगळे भिंतीवरच्या रानरेड्याच्या डोक्याखाली साहेबांचं भाषण ऐकत उभे होते. मावशी तिकडे गेलीच नाही. ती सरळ शेवटच्या काचघराकडे गेली. आधी मादीच्या मानेकडे बघत राहिली, मग पाडसाकडे. मग पर्समधून भिंग काढलं आणि वाकून पाट्या वाचल्या. तिन्ही. सावकाश. मी तिच्या मागे उभी होते.

"कोणी बसवल्या?" तिने विचारलं.

"मी."

ती पुन्हा वाकली. "छान बसवल्यास. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आहेत."

खाचा एका रेषेत असायला हव्यात, हे तिने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बघणाऱ्याचं लक्ष स्क्रूकडे जाऊ नये म्हणून. तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. ती बिचारी खरंच कौतुक करत होती. मग तिने भिंग पदराने पुसून पर्समध्ये ठेवलं.

मी कार्यशाळेत गेले. खणातलं फडकं घेतलं, पेचकस घेतला आणि परत येऊन काचघराचं दार उघडून आत शिरले.

भाषण थांबलं. सगळी डोकी वळली. साहेब लगबगीने आले. "बाई, काय चाललंय हे? बाहेर या आधी."

"जवळ येऊ नका, साहेब," मी आतून मोठ्याने म्हणाले. "सोमल आहे इथे. तुम्हाला सांगितलं होतं मी."

पाहुणे दोन पावलं मागे सरले. साहेब तीन. मी गुडघ्यांवर बसून 'नर' काढली, 'मादी' काढली, ते सुखी कुटुंब काढलं आणि खाली बर्फात टाकलं. मग जुन्या पाट्या लावायला घेतल्या. घाईत पेचकस खाचेतून सटकत होता. पाहुण्यांमधल्या कोणीतरी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "गाभण मादी, शिंगांच्या जोरावर, मोठ्या नराला आपल्या खड्ड्यापासून..."

"सोमवारी माझ्या खोलीत या," साहेब लांबूनच म्हणाले. "येताना सगळ्या किल्ल्या घेऊन या."

"येते," मी म्हटलं. "हा शेवटचा स्क्रू होऊ दे."

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. एवढ्या सगळ्यांत एकटी मावशी मागे सरली नव्हती. नाक काचेला लावून ती उभी होती आणि बोटाने माझ्या हाताकडे दाखवत होती.

"तिरका झाला गं," ती म्हणाली. "सरळ कर."