खेमाचं हरवलेलं वजन

खेमा हलकी होत चालली होती, आणि ते एकट्या विशाखालाच दिसत होतं.

लेकीची तीन कार्डं होती तिच्याजवळ. शिरगावातल्या बुद्धविहाराच्या पडवीत भरणाऱ्या अंगणवाडीचं गुलाबी, पालिकेच्या दवाखान्याचं पिवळं, उल्हासनगरच्या मोठ्या इस्पितळाचं पांढरं. खिचडी अंगणवाडीकडे, टोचणं दवाखान्याकडे, खोकला लांबला की इस्पितळ. एका पोरीची तिघांत वाटणी, आणि एकाचं कार्ड दुसरा बघत नसे. विशाखा पडली बी.कॉम. तिनं आलेखाचा कागद आणून तिन्हीकडचे आकडे एका रेघेवर मांडले. अंगणवाडीत आठ किलो. पंधरा दिवसांनी दवाखान्यात सात किलो सातशे. गेल्या बुधवारी इस्पितळात सात किलो चारशे. दहा महिन्यांच्या लेकराची रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती.

इस्पितळातल्या सिंधी डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा पाहिला. "खाती तो है ना ठीक से? मग असं का? अंगणवाडीत परत वजन करा, चिठ्ठी आणा. बुधवारपर्यंत अजून उतरलं तर ॲडमिट करावं लागेल, बेटा."

ॲडमिट. त्या वॉर्डातल्या निळ्या भिंती विशाखा येताना बघून आली होती.

तेव्हापासून दुपार झाली की तिला एक गुंगी यायची. नवरा, सुदाम, अंबरनाथला पाळीवर गेलेला असायचा. कारखान्यांच्या बाजूनं गोडसर, औषधी वारा यायचा, थंडीतलं ऊन दारात लोळायचं, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर खेमा पाळण्यातून अलगद वर उठायची. न रडता, न हसता, कौलांच्या फटीतून बाहेर. शिरगावच्या पत्र्यांवरून, धुराड्यांच्या वरून, जांभूळच्या पाण्याच्या टाक्यांवर जराशी रेंगाळून पुढे, शेवरीच्या म्हातारीसारखी. विशाखा खालून पदर पसरून पळायची. पळताना तिला आपली पर्स जड लागायची, खांद्याला ओढायची.

दचकून उठायची. खेमा पाळण्यातच असायची, मूठ चोखत.

"सारखी उचलून बघतीस काय तिला?" सासूबाई म्हणायच्या. भागीरथीबाई मूळच्या देशावरच्या, बोलणं अजून तिकडचंच. "पोर काय दुधाची पिशवी हाय, हातावर तोलायला?"

"आई, ती हलकी लागते हो."

"तुझं डोकं जड झालंय."

मंगळवारी टोचण्याचा दिवस. त्या दिवशी दवाखान्याच्या सिस्टर अंगणवाडीत येत. निघताना भागीरथीबाईंनी खेमाला नेहमीसारखं नटवलं. लोकरीचा स्वेटर, त्यावर टिकल्या-काचांची जड कुंची, पायांत आत्यानं दिलेले चांदीचे वाळे, हातांत बिंदल्या, कमरेला साखळी.

"टोचायला चाललोय, आई. लग्नाला नाही."

"चार लोकांत पोर भुंडी न्यायची? माझी नात हाय ती."

विहारासमोरच्या चिंचेच्या फांदीला काटा टांगलेला होता, खाली चड्डीसारखी झोळी. एकेक मूल त्यात बसून पिकल्या फळासारखं लोंबत होतं. विशाखानं तिन्ही कार्डं आणि आलेख अंगणवाडीच्या बनूबाईंपुढे ठेवला, तसाच सिस्टरांपुढे सरकवला. दोघींनी माना एकत्र आणल्या. दर मंगळवारी शेजारी बसत होत्या, पण एकमेकींची कार्डं बहुतेक पहिल्यांदाच बघत होत्या.

"तुमचा काटा खोटा आहे, बनूबाई."

"अहो सिस्टर, सरकारी काटा आहे. तुमचाच पडला असेल रिक्षातून."

आवाज चढले, पण हात कामाला लागले. बनूबाईंनी समोरच्या दुकानातून मिठाचा पुडा आणवला, एक किलोचा. चिंचेवरच्या काट्यावर एक किलो. सिस्टरांच्या पिशवीतल्या काट्यावरही एक किलो. विशाखानं आलेखाचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. काटे खरे असतील, तर मग रेघही खरी.

"बाळाला उघडं करा," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही स्वेटर तरी काढतो. बनूबाई, तुम्ही?"

"सासवा भांडतात हो. थंडी लागेल म्हणतात. मी आहे तशीच बसवते."

विशाखानं कुंची काढली, स्वेटर काढला, झबलं काढलं. मग वाळे, बिंदल्या, साखळी. इस्पितळाच्या रांगेत कुणी ओढून नेईल म्हणून गेल्या बुधवारी रिक्षात बसण्याआधी काढून पर्समध्ये ठेवली होती, तशीच सवयीनं पर्स उघडून आत टाकली. खण्ण् वाजलं.

"काय टाकलंत ते?" सिस्टरांनी विचारलं.

विशाखा पर्सकडे बघत राहिली. खांद्याला ओढणारी तीच पर्स.

"आणा इकडे," बनूबाई म्हणाल्या.

झोळीत आधी चांदी गेली. पाव किलोला थोडी कमी. मग कुंची, स्वेटर आणि झबलं. काटा सहाशेच्या खुणेपाशी थरथरून थांबला. आठ किलो आणि सात चारशे यांतला नेमका फरक.

"अगं बाई!" बनूबाईंनी कपाळावर हात मारला. "आम्ही आजीला मोजलं, सिस्टरांनी आत्याला, आणि पोरीला मोजलं ते फक्त इस्पितळानं!"

हशा उसळला. भागीरथीबाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "मला काय ठाऊक, शोभेचं बी वजन लिव्हत्यात म्हणून!"

विशाखाला हसू येईना. अजून मुख्य आकडा बाकी होता. तिनं उघड्या खेमाला झोळीत बसवलं. खेमाचे पाय हवेत लोंबकळले, चिंचेची सावली तिच्या पोटावर झुलली. फांदी जराशी वाकली. झोका मंदावल्यावर सिस्टर काट्याशी वाकल्या.

"सात किलो पाचशे," सिस्टर म्हणाल्या. "इस्पितळापेक्षा शंभर जास्त. वाढतेय, बाई. हळू, पण वाढतेय."

बनूबाईंनी गुलाबी कार्डावरचे आठ खोडले आणि खडूनं पडवीच्या भिंतीवर लिहिलं : वजनाला मूल उघड्या अंगाने बसवावे. सिस्टरांनी तिन्ही कार्डांवर एकच आकडा चढवला, डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली, खाली दोघींनी सह्या केल्या.

"थंडी वाजंल तिला, आण हिकडं," म्हणत भागीरथीबाई कुंची पसरून उभ्या होत्या.

"एक मिनिट, आई," विशाखा म्हणाली. तिनं झोळीला हलकेच एक झोका दिला. खेमा पुढे गेली, उन्हात उजळली आणि विशाखाच्याच ओंजळीत परत आली.