ओ देणारं घर

"इथे कंपनी-बिंपनी काही नाही. हे घर आहे." हे वाक्य आईला इतकं पाठ झालं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी तिने ते बिनचूक म्हटलं असतं. शिकवलं होतं थोरलीनेच.

थोरली आणि धाकटा या बहीणभावांनी कंपनी काढली, तेव्हा नोंदणीकृत पत्ता म्हणून आईचं घर दिलं. बूट तयार होत ती शेड लांब, भाड्याची. आज इथे तर उद्या तिथे. आईचं घर मात्र जागचं हलणार नव्हतं. पण असा पत्ता कुणालाही बघता येतो. मग काय, दाराशी रीघच लागली. कुणी छपाईचं यंत्र विकायला, कुणी विमा उतरवायला, एक जण तर कंपनीला भिंतीवरचं घड्याळ गळ्यात मारायला. आईचे गुडघे आणि दाराची घंटा यांचं हाडवैर. शेवटी थोरली वैतागून म्हणाली होती, "सरळ सांग, इथे कंपनी नाही. जातील आपोआप."

आणि आईने ते मनापासून पाळलं.

सल्लागाराचा फोन आला तेव्हा थोरली एका बुटाचा तळ घासत होती. कंपनीची कागदपत्रं हाच गृहस्थ बघायचा. एरवी हसून बोलणारा, आज हसला नाही.

"ताई, तुमच्या पत्त्यावर नोंदणी कार्यालयाचा तपासनीस जाऊन आला. घरातल्या बाई म्हणाल्या, इथे कंपनी नाही. तसं त्याने लिहून दिलंय."

"अहो, ती आमची आई आहे."

"आई असू द्या, नाहीतर आणखी कुणी. तो आज परत येतोय. आजही पत्त्यावर कंपनी सापडली नाही, तर नोंदीतून नाव कमी करतात. मग मला काही करता यायचं नाही."

नाव गेलं की इस्पितळाचं काम गेलं. तिथे नोंदलेल्या कंपनीशिवाय कुणाकडून काही घेत नसत. समोर फळीवर वाकड्या पावलांच्या मुलांचे बूट ओळीने वाळत होते, प्रत्येक जोडावर त्या त्या मुलाचं नाव चिकटवलेलं. दुसरा कारागीर मिळालाही असता कधीतरी. पण मुलांची पावलं कुणासाठी थांबतात? तोवर ती वाढली असती आणि घेतलेला एकेक साचा मातीमोल झाला असता.

"तू पळ, मी इथलं बघतो," धाकटा म्हणाला. "आणि आईवर चिडू नकोस. अक्कल आपण पाजळली होती."

कामाची पिशवी तशीच खांद्याला मारून ती निघाली. वाटेत वही घेतलेला प्रत्येक माणूस तिला तपासनीसच वाटत होता.

आई शांतपणे भाजी निवडत होती.

"आई, वही घेऊन कुणी आला होता का गं?"

"वही घेऊन सगळेच येतात."

"तपासणीला आलोय म्हणाला असेल."

"म्हणाला ना. घड्याळवालासुद्धा तेच म्हणाला होता."

थोरली तिच्यासमोर बसली. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता तो आला की म्हणायचं, हो, कंपनी इथेच आहे."

आईने हातातली जुडी खाली ठेवली. "आणि आहे का? इथे एक टाका तरी घालता का तुम्ही? तुमच्या सांगण्यावरून सगळ्यांना नाही म्हटलं, आता त्याच तोंडाने हो म्हणू? देवाला काय सांगू मी?"

"अगं, आधीचं खोटं होतं. हे खरं आहे."

"वकिली नको करूस."

घड्याळाकडे बघायचा थोरलीला धीर होईना. तिने आवाज कसाबसा खाली आणला. "बूट कुठे शिवता, हे या पत्त्यासाठी कुणी विचारतच नाही. कंपनीला हाक मारली तर ओ कुठून येणार, एवढंच हवं असतं. कागद आला तर हातात घ्यायला माणूस पाहिजे आणि दाराबाहेर नावाची पाटी पाहिजे."

आईने जुडी परत हातात घेतली. "म्हणजे देव चराचरात भरलेला असला, तरी आपल्याला हात जोडायला एक जागा लागते. तसं?"

"तसंच."

"मग असं सांगायचं ना आधी. मला म्हणालीस, हाकलून दे."

थोरलीला हसू येणार होतं, तेवढ्यात तिला आठवलं, आत येताना दाराशी काहीतरी रिकामं रिकामं वाटलं होतं. "आई, पाटी कुठंय?"

"पाण्याच्या पिंपावर. घट्ट बसते झाकणासारखी. बाहेर असली की लोक घंटा वाजवायचे."

आणि घंटा वाजली.

दार आईनेच उघडलं. तपासनीस उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसतं खिळ्याचं भोक होतं.

"कंपनी इथे आहे?"

"आहे," आई म्हणाली. "त्या दिवशी मी नाही म्हटलं, ते खोटं होतं. मला वाटलं, तुम्ही काही विकायला आलात."

"मी काय विकणार, आजी?"

"ते सगळेच म्हणतात."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला, पण पेन हातातच राहिलं. "कागद आला तर कोण घेतं?"

"मी. मला कोण कुठे नेतंय?"

"आणि पाटी?"

थोरली आतून पाटी घेऊन आली. पाटीवरून पाणी निथळत होतं. ते बघून तपासनीसाने मान हलवली. "ही बाहेर लागते, बाई. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी. घरात ठेवलेली मला धरता येत नाही."

आईने थोरलीच्या हातातून पाटी घेतली, चप्पल न घालता जिन्याच्या चौकात गेली आणि पाटी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

"आता बाहेर आहे. वाचता येते?"

तपासनीसाने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कंपनीचं नाव, खालचा पत्ता, सगळं मोठ्याने वाचलं. "येते. पण तुम्ही किती वेळ उभ्या राहणार?"

"लागेल तेवढा."

थोरलीने पिशवीतून हातोडी आणि खिळे काढले. टाचा ठोकताना तिचा हात कधी चुकत नसे, आज मात्र पहिला घाव अंगठ्यावर बसला. तपासनीसाने न बोलता पाटीचं एक टोक धरलं. पाटी लागली, जराशी तिरकी.

"मी आलो तेव्हा नव्हती, माझ्यासमोर लावली. असंच लिहीन. कागद घ्यायला माणूस आहे, हेही लिहीन."

"म्हणजे नाव राहील ना?" थोरलीने विचारलं.

"ते वरचे ठरवतात." त्याने वही मिटली. "निर्णयाचा कागद याच पत्त्यावर येईल. घ्यायला कुणी नसलं, तर मग माझ्या लिहिण्याला अर्थ उरणार नाही."

तो जिना उतरून गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी थोरली कठड्याला धरून उभीच होती. आई आत गेली, आपली खुर्ची फरफटत आणून उंबऱ्याशी मांडली आणि भाजीचं ताट मांडीवर घेऊन बसली.

"तू जा," ती म्हणाली. "पोरांचे बूट राहिलेत. इथे मी आहे."