नवीनसाठी लावलेली वाइन

मी बरणी बोलतेय. पाच लिटरची, जाड काचेची, रुंद तोंडाची. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटमध्ये, पिढ्यान्पिढ्या तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरात राहते. माझा आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझं अर्धं आयुष्य मावडूत गेलं. मावडू म्हणजे बारक्या कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. अन्नपूर्णाबाई दरवर्षी ते घालत, माझ्या तोंडाला दादरा बांधत आणि रोज सकाळी मला मोट्टैमाडीवर, म्हणजे गच्चीवर, उन्हात नेऊन ठेवत. माझ्याजवळ कुणाला फिरकू देत नसत. मला त्याचा भारी तोरा होता.

त्या गेल्या आणि मी माळ्यावर गेले. तीन वर्षं कुणी हात लावला नाही. धुळीचं एवढं काही वाटत नाही. खाली माणसं बोलतात ते ऐकू येतं आणि त्यात आपलं नाव कधीच नसतं, त्याचं वाईट वाटतं.

पुढे ते बोलणंही बंद झालं. गेल्या दिवाळीत अन्नपूर्णाबाईंचे यजमान कृष्णाजी यांना मुलाच्या, नवीनच्या, बॅगेत दारूची बाटली सापडली. "ह्या घरांत हे चालत नाही. पाहिजे तर वेगळा राहा, पो, जा," ते म्हणाले. नवीन शहराबाहेर ओरगडमच्या मोटार कारखान्यात नोकरीला. तो तिथेच खोली घेऊन राहिला आणि परत आला नाही. कृष्णाजी बँकेतून निवृत्त झालेले, जन्मात कुणाची माफी न मागितलेले. ती आता फोनवर कशी मागायची, हे त्यांना कळेना.

मग एका सकाळी, माफीऐवजी घरी केलेली वाइन द्यायची ठरवून, त्यांनी मला खाली काढलं आणि कढत पाण्याने दोनदा धुतलं. दुकानातून काळ्या द्राक्षांच्या रसाची खोकी आणली, साखर आणि चिमूटभर यीस्ट घातलं, माझ्या तोंडावर मोठा फुगा ताणून चढवला आणि आतली हवा जायला त्याला टाचणीने भोक पाडलं. सगळं फोनवर बघून बघून. चार दिवस काही हललं नाही. तेव्हा चष्मा लावून त्यांनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. रस टिकावा म्हणून त्यात औषध घातलेलं होतं. त्यात यीस्ट काय जगणार? सगळं ओतून देऊन त्यांनी औषध नसलेला रस शोधून आणला.

दुसऱ्याच दिवशी मी बोलू लागले. बुडुक, बुडुक, बुडुक. कृष्णाजी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायला लागले. पेपर तिथे, कॉफी तिथे. "नवीनला आवडेल कां गे?" असं मलाच विचारायचे. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी जीव तोडून बुडबुडले.

पंधरा दिवसांनी बुडबुडे थांबले आणि इथेच घोटाळा झाला. फोनमधल्या माणसाने सांगितलं होतं, आता घट्ट झाकून अंधारात ठेवा. पण ह्या घरात बरणी म्हटली की ऊन. अन्नपूर्णाबाई करायच्या तसंच नीट व्हावं म्हणून कृष्णाजींनी फुगा काढला, दादरा बांधला आणि महिनाभर रोज मला गच्चीवर नेलं. पोटात आंबत चाललेलं मला कळत होतं. पण बुडबुडे संपलेले, सांगू कशाने?

शेवटी त्यांनी फोन केला. "ह्या आदितवारी ये. तुज एक द्यायचं आहे."

नवीन आला. कृष्णाजींनी स्टीलच्या दोन पेल्यांत वाइन ओतली. "मीच केली," एवढंच म्हणाले. ती कशी लागायला हवी, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. नवीनने घोट घेतला. व्हिनेगरच होतं ते. त्याने डोळे मिटले, तसाच सगळा पेला संपवला आणि म्हणाला, "परवाइल्लै, अप्पा." मग पाचच्या बसने निघून गेला.

तमिळमधला हा शब्द मोठा अवघड आहे. 'बरी झालीय' म्हणायलाही तोच आणि 'जाऊ दे, मनात ठेवू नका' म्हणायलाही तोच. तेव्हापासून कृष्णाजी तो स्वतःशी म्हणून बघतात, कधी एका सुरात, कधी दुसऱ्या. फोन उचलतात, परत ठेवतात. मी दोन पेले उणी झालेली त्यांच्यासमोर टेबलावर असते. मला आता ते काही विचारत नाहीत. आम्ही दोघं एका खोलीत असून एकेकटे आहोत.

ओरगडमकडे कुणी जाणार असाल तर नवीनला गाठा. म्हणावं, अप्पांना फोन कर आणि तो शब्द वाइनबद्दल म्हणालास की दिवाळीतल्या भांडणाबद्दल, तेवढं सांग. आणि वाइनबद्दल म्हणाला असशील, तर एवढं एक खोटं बोल.