सगळ्यांचं नेट

वाचनालयाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवलेली शिडी चढून ताई वर आली आणि डिशमागची पेटी उघडायच्या आधी तिने लोंबणारी केबल हातात धरली. ती खांबाला पांढऱ्या नाडीने घट्ट बांधलेली होती. नाडीचं टोक दोऱ्याचे चार टाके घालून पक्कं केलेलं होतं.

खाली नवरा पिशवी घेऊन उभा होता. त्याची परतीची बस संध्याकाळची होती.

"झालं का?" त्याने विचारलं.

"कुणीतरी आधीच केलंय," ती म्हणाली आणि शिडी उतरू लागली.

वस्तीचं हे नेट ताईनेच उभं केलं होतं. वाचनालयापर्यंत एक जोडणी आणायची आणि तिथून गच्च्यागच्च्यांवरच्या डिशमधून ती दवाखान्यात, शाळेत, घरोघरी न्यायची, ही कल्पना तिची. तळमजल्यावरच्या खोलीत बायका, म्हातारे, ज्याला हवं तो येऊन तिच्याकडे शिकायचा. नेट सगळ्यांचं होतं, पण बंद पडलं की ते एकट्या ताईचं व्हायचं. तोंडात घास असताना फोन, डोक्यावर पाणी घेताना फोन. नवऱ्याची बदली झाली तेव्हा ती म्हणाली होती, तू हो पुढे, मी कुणालातरी तयार करून येते. त्यालाही आता दोन पावसाळे उलटले.

तयार करायला तिने शिंपीणकाकूंना निवडलं होतं. हात सफाईदार, नजर बारीक. पण काकू दरवेळी शेवटी काहीतरी विसरायच्या आणि हसायच्या. "माझं डोकं म्हणजे गाळणी हो ताई."

आज दुपारी नवऱ्यासोबत फिरायला जाताना ताईने पहिल्यांदाच फोन बंद ठेवला होता. चालू केला तर दवाखान्यातल्या नर्सबाईंचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. धापा टाकत ती इथवर आली होती.

काकूंचं दुकान समोरच होतं. नवरा बाहेर पायरीवर बसला. ताई आत गेली.

"काकू, आज गच्चीवर कोण चढलं होतं?"

मशीनचं चाक फिरत राहिलं. "मला काय ठाऊक?"

"नाडी तुमच्याकडची आहे."

चाक थांबलं.

"नर्सबाई रडकुंडीला आल्या होत्या," काकू म्हणाल्या. "एका पोरीचे रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना पाठवायचे होते. तुमचा फोन बंद. मग काय, बघत बसू?"

"म्हणजे तुम्हाला येतं."

"येतं."

"कधीपासून?"

काकूंनी कापडावरचा एक दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळला.

"तुम्ही शिकेपर्यंत माझं नवऱ्याकडे जाणं अडलंय, हे माहीत होतं ना तुम्हाला?" ताईचा आवाज चढला.

"माहीत होतं. तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पण ताई, तुम्ही गेलात की हा फोन माझ्या गळ्यात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हाकेसरशी उठायची मी. वर्षानुवर्षं. त्या गेल्या, आणि आत्ता कुठे मी सलग झोपते. आता सगळ्या वस्तीची सासू करून घेऊ?"

ताई स्टुलावर बसली. भांडायचं म्हणून जे जे ओठांवर आणलं होतं, ते सगळं काकूच बोलून गेल्या होत्या.

तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या. "ताई, देवासारख्या धावलात बघा! पोरीला वेळेत हलवलं. नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. तुमच्याशिवाय या वस्तीचं पान हलत नाही."

काकूंनी मान खाली घातली. सुई उगाच पुसत राहिल्या.

"केबल सैल झाली होती," ताई म्हणाली. "एवढंच."

नर्सबाई गेल्या. पायरीवर बसलेल्या नवऱ्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं.

"मंगळवार," काकू एकदम म्हणाल्या.

"काय?"

"मंगळवार माझा. त्या दिवशी फोन माझ्याकडे. पण एकच वार हं ताई. बुधवारी उजाडताच परत घ्यायचा."

ताईने बाहेर पाहिलं. नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो उठला, पिशवी खांद्याला लावली.

"माझ्याकडे एका दिवसात येऊन-जाऊन होत नाही," तो हळूच म्हणाला. "दोन तरी लागतात."

ती दारात आली. नर्सबाई कोपऱ्यावर वळत होत्या.

"नर्सबाई," ताईने हाक मारली, "जरा माघारी या. केबल मी नव्हती बांधली, काकूंनी बांधली."