मिरवणुकीतला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना फक्त वयाने. कामाच्या नावाने मी अजून कोराच आहे आणि मला त्याची लाज वाटते.

लिमा शहरातून ट्रकमध्ये बसून मी पुनोच्या डोंगरातल्या या शाळेत आलो, त्याला अकरा वर्षे झाली. आमच्याकडे बारशाला बाळाला लागतो तसा नव्या वस्तूलाही धर्मपिता लागतो. गावातला लोकरीचा व्यापारी माझा धर्मपिता झाला. त्याने माझ्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले, बिअर शिंपडली, लांबलचक भाषण ठोकले. मग मुख्याध्यापक फर्मिन सरांनी मला पुसले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि कपाटाला कुलूप घातले. "मोडलं तर वरचे साहेब माझी मानगूट धरतील," ते म्हणाले. मला वाटले, किती जपतात मला! मूर्ख होतो मी.

दर जुलैत मात्र मी बाहेर येई. आमचा स्वातंत्र्यदिन तेव्हा असतो आणि त्याच्या संचलनात प्रत्येक शाळा आपल्याकडची भारी वस्तू मिरवते. शेजारच्या गावची शाळा ढोल मिरवते, आमची शाळा मला. पांढरा कोट घालून मला उराशी धरण्याचा मान चार वर्षे नेरिदा चोक्के हिला मिळाला. नेरिदा वर्गात पहिली. खिशात उकडलेले बटाटे घेऊन ती रोज दोन तास चालत शाळेत येई. संचलनात ओठ न हलवता ती मला विचारायची, "तळ्याचं पाणी तुझ्यातून कसं दिसतं रे?" मला काय ठाऊक? मी तरी कुठे पाहिले होते?

गेल्या वर्षी ती मोठ्या निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसली. लेखी परीक्षेत तिने शहरातल्या पोरांना मागे टाकले. मग प्रात्यक्षिक आले. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि दिसेल ते काढा.

दुसऱ्या दिवशी ती आईला, सातुर्निनाबाईंना, घेऊन शाळेत आली. मी कपाटातून ऐकत होतो.

"कुठलं चाक फिरवायचं तेच कळेना, सर. सगळं धूसर दिसत होतं. मी तेच काढून दिलं."

"अगं, पण चार वर्षं तर तुझ्याच हातात होता तो!"

"नुसता मिरवला, सर. बघितलं कधी त्यातून?"

आईचा पारा चढला. "चर्चमधल्या संताच्या पायालासुद्धा हात लावू देतात, सर! हा कोण मोठा लागून गेला?"

"अहो बाई, भिंग फुटलं असतं तर?"

"आता काय फुटायचं राहिलंय?"

किल्ली सरांच्या खिशातच राहिली. नेरिदाची जागा दुसऱ्याला गेली आणि वयाच्या अटीमुळे तिला ती परीक्षा पुन्हा देता येत नाही. आता ती लोकरीच्या अल्पाकांचा कळप चारायला जाते. मी इथे चकचकीत बसलो आहे. मला माझ्या या चकचकीतपणाचा संताप येतो!

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी म्हणणार नाही. मला चिखलाचे हात लावा, माझी चाके उलटसुलट फिरवा, फुटलो तर फुटू द्या. तुमच्या शाळेत असे कुलूपबंद कपाट असेल, तर किल्ली मागा. नाही मिळाली तर भांडून मागा. नेरिदाने एकदाच मागितली होती, तीही आदबीने. सर म्हणाले, "आधी संचलनात पाऊल नीट टाक." आणि ती गुमान पावले टाकत राहिली.