उसने बैल

हैबतीने रोपाची मूठ चिखलात टेकवली, कंबर सरळ केली आणि मान वर करून बघितलं ते नेमकं नको तिकडे. ओढ्यापलीकडच्या खाचरात बनुबाई आणि तिची मुलगी मैना, अशा दोघीच कुदळीने चिखल करत होत्या. बाकी सगळ्या खोऱ्यात पावसाची इरली पांघरलेल्या माणसांच्या रांगा वाकल्या होत्या. एकेका खाचरात निम्मी वाडी, बैलांना हाका, थट्टामस्करी चाललेली, आणि तिथं तेवढ्या त्या दोघी. राबात पेरलेलं त्यांचं भाताचं रोप पिवळं पडायला लागलं होतं. असंच राहिलं तर ते जून होऊन कांडं धरणार आणि मग लावलं काय, न लावलं काय, सारखंच.

"काय बघताय?" शेजारच्या ओळीतून त्याची बायको प्रयागबाई म्हणाली.

"काय नाय."

"काय नाय तर मान कशाला मोडली तिकडं? हात चालवा."

त्या दोघींना गावाने वाळीत टाकलं होतं, आणि गावाच्या शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष हैबती होता. अध्यक्ष कसला, अंगठा उठवणारा माणूस. पण शाळेला जागा त्याने दिली, म्हणून बैठकीत खुर्ची त्याची. त्या खुर्चीचं त्याला कौतुक होतं, उगाच खोटं कशाला बोला. मुंबईकरांनी वर्गणी धाडली, गावाने दगड वाहिले, सरकारची ग्रँट सुरू झाली आणि पोलादपूरच्या डोंगरात सातवीपर्यंतची शाळा उभी राहिली. वर तिच्या पोरांनी महाडच्या मैदानावर हुतुतूची शिल्ड मारली. त्या दिवशी हैबतीने फेटा बांधला होता.

शिल्ड आणली ती उतेकर मास्तरांनी. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला ताठ माणूस, कवायत आणि खेळ शिकवायला ठेवलेला. मास्तरांचं म्हणणं, चढाई करणाऱ्याचा दम तुटता कामा नये. दम वाढवायची त्यांची एक रीत होती. पोराला नदीच्या डोहात छातीभर पाण्यात उभा करायचा, डोक्यावर हात ठेवायचा आणि पाण्याखाली दाबून धरायचा. पोरं रडायची, गाव हसायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बनुबाईच्या पांडूला असाच धरला. हैबती त्या वेळी काठावर होता. बैल धुवायला गेला होता. त्यानेच ओरडून सांगितलं होतं, "धरा मास्तर, आनखी धरा! आपल्या मातीतलं पोर हाय, काय हुनार नाय." पोराचे पाय झाडायचे थांबले तेव्हा हैबतीला वाटलं, झालं पोर तयार.

पांडूला उलटा धरून पाणी काढावं लागलं. जीव वाचला, पण कान फुटला, वाहायला लागला, आणि त्या कानाने त्याला ऐकू येईनासं झालं. बनुबाईने पोलादपूरला जाऊन शिक्षण खात्याकडे अर्ज लिहवून धाडला. मग गाव पेटलं. ग्रँट बंद झाली, शाळा बुडाली तर कोण जबाबदार? पांडूला आणि मैनाला शाळेतून काढलं. तिच्या शेतावर कोणी जायचं नाही, तिला कोणी बोलवायचं नाही असं देवळात ठरलं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. तिथं गावाच्या सामाईक खोलीवरून त्याची ट्रंक बाहेर काढली गेली. बैठकीत हैबती एवढंच म्हणाला होता, "गाव म्हनंल तसं." काठावर आपण होतो हे तो कुणाजवळ बोलला नाही. बायकोजवळ बोलला ते एकदाच, आणि त्या रात्री जेवला नाही.

दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा उतेकर मास्तर छत्री घेऊन बांधावरून आले.

"अध्यक्ष, परवा अलिबागहून साहेब येतोय चौकशीला. पोरगा खडकावरून घसरला, पाण्यात पडला. बस्स. पोरांना पढवून ठेवलंय मी."

"बनुबाय?"

"तिचं कोण ऐकतंय? एकटी बाई. तुमचा शब्द म्हणजे शाळेचा शब्द."

मास्तर गेले. हैबतीने भाकरी खाली ठेवली. तो ओढ्यापलीकडे बघत बसला. मैना कुदळ टाकून तळव्याचे फोड बघत होती.

"उद्या बैल घेऊन जातो मी तिच्याकडं," तो म्हणाला.

प्रयागबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "आनि परवा?"

"परवा सायबाला सांगतो. मी काठावर व्हतो म्हनून. काय व्हयाचं ते हू दे."

 तिने त्याच्या पुढ्यात आणखी अर्धी भाकरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सगळ्या खोऱ्याच्या डोळ्यांदेखत, हैबतीने बैल ओढ्यातून पलीकडे घातले. रांगांमधली गाणी थांबली. बनुबाई कुदळ धरून तशीच उभी राहिली.

"दादा, बैल कशापायी?"

"चिखलनी करतो. रोप वाया जायाला लागलंय."

"गावानं वाळीतनं काढलं काय आमाला?"

"गावाचं नाय. माझा मी आलो."

"असंच?"

"असंच."

आता त्या खोऱ्यात असंच कोणी कोणाच्या शेतात उतरत नाही. लावणीच्या दिवसांत दुसऱ्याचा हात घेतला की तो फेडावा लागतो. बैल एक दिवस आले तर घरातल्या माणसाने त्या बैलवाल्याकडे जाऊन राबायचं. न फेडणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. हे पोरंसोरंसुद्धा जाणतात. हैबतीला ते सुचलंच नाही. त्याच्या डोक्यात डोह होता.

दिवसभर तो औतामागे चालला. बनुबाई मागून ढेकळं फोडत होती. मध्ये दोन-तीनदा त्याने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, बनू, मी तिथं होतो, मीच ओरडलो होतो. प्रत्येक वेळी तोंडातून निघालं ते बैलांसाठी: "चल रे, फिर." कडेला बांधावर पांडू बसला होता. कानात कापसाचा बोळा, आणि ओढ्याकडे पाठ.

संध्याकाळी खाचर लोण्यासारखं झालं. बनुबाईने गूळपाणी आणून दिलं. हैबतीने तांब्या तोंडाला लावला तसं तिने विचारलं,

"सायेब उद्याच येनार ना, दादा?"

"व्हय. उद्याच."

ती बैलांकडे बघत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "कळलं मला."

हैबतीच्या छातीवरचा दगडच उतरला. न बोलता कळलं, बरं झालं. घरी आल्यावर त्याने प्रयागबाईला सांगितलं तेव्हा ती चुलीतला जाळ मागे ओढत म्हणाली,

"तोंडानं सांगितलंत का बैलांनी सांगितलं?"

"कळलं म्हनाली ती."

"काय कळलं?"

"तू बी गो! समदं फोडून सांगाया लागतं काय?"

साहेब सकाळी आले. सडसडीत, चष्मेवाले, पाटलोणीला गुडघ्यापर्यंत चिखल. शाळेच्या मोठ्या वर्गात टेबल मांडलं होतं. मागे कपाटावर शिल्ड घासूनपुसून ठेवली होती. अर्धं गाव पडवीत दाटलं. हैबतीने धुतलेली बंडी घातली होती आणि वाक्य पाठ केलं होतं. मनात तो ते पुन्हा पुन्हा म्हणत होता, म्हणजे ऐन वेळी जीभ जड व्हायला नको.

"शाळेच्या वेळेत, शाळेच्या शिक्षकाच्या हातून हे घडलं असेल तर जबाबदारी संस्थेची आहे," साहेब म्हणाले. "अर्ज तुमचा आहे ना, बाई? न घाबरता सांगा. काय झालं?"

बनुबाई पदर घट्ट धरून उभी होती. पांडू तिला चिकटून.

"पोर घसरला, सायेब. खडकावरनं."

पडवीतली कुजबुज एकदम थांबली.

साहेबांनी चष्मा काढला. "अर्जात तर तुम्ही लिहिलंय, मास्तरांनी पाण्यात दाबून धरला."

"मी तवा भ्यालेली, सायेब. आईचा जीव. कोन काय बोललं ते मला खरं वाटलं."

"तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

"नाय."

"मुलगा काय म्हणतो?"

पांडू आईकडे बघत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घसरलो," तो म्हणाला.

हैबतीला आधी समजलंच नाही. मग बनुबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं. राग नाही, लाचारी नाही. दुसऱ्याच्या शेतात राबून फेड झाली की बाई बांधावर येऊन बघते तसं. आणि त्याला सगळं कळलं. अध्यक्षाचे बैल चौकशीच्या आदल्या दिवशी आले, ते कशासाठी आले, हे तिने तिच्या परीने ओळखलं होतं. तिच्याकडे फेडायला दुसरं काय होतं?

"अध्यक्ष," साहेब त्याच्याकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

हैबती उठला. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. ते बोललं तर बनुबाई सरकारी साहेबापुढे खोटी पडणार, आणि गाव तिला दुसऱ्यांदा सोलणार. त्याने हे कारण मनात धरलं, घट्ट धरलं. पण खरं सांगायचं तर कारण सापडल्याबरोबर त्याला हायसं वाटलं होतं, आणि ते त्याला स्वतःलाही समजलं. त्याची त्यालाच किळस आली.

"नाय, सायेब," तो म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग कागद आवरले. शाळेवर ठपका नाही. पडवी मोकळी झाली, माणसं हसत बोलत लावणीकडे निघाली. जाता जाता उतेकर मास्तरांनी हैबतीचा खांदा थोपटला. "मान गये, अध्यक्ष. मी पोरं पढवत बसलो, तुम्ही बैल घातलेत. बिलकूल पक्कं काम."

हैबती शाळेच्या पायरीशी भिंतीला टेकून उभा होता. बनुबाई पोराला घेऊन त्याच्यापाशी आली.

"दादा, फिटलं ना?"

"काय गो?"

"बैलांचं."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आपण फेड मागायला आलो नव्हतो, खरं सांगायला निघालो होतो, हे आता सांगणंही गेलं होतं. सांगितलं असतं तर, पोराला फुकटच खोटं बोलायला लावलं, हे तिला कळलं असतं. ते तिला जन्मभर पुरलं असतं.

"फिटलं," तो म्हणाला.

"उद्या मानसं येतील लावनीला?"

"येतील. मी सांगतो समद्यांना. आमची प्रयाग बी येईल."

"आनि ह्यांचं, मुंबैचं?"

"खोलीवर निरोप धाडतो. ट्रंक परत घेतील."

"पोरांची शाळा?"

"उद्यापासनं पाठव."

बनुबाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. इतक्या महिन्यांत तिला असं कोणी बघितलं नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं, पांडूला पुढे केलं आणि त्याच्या बऱ्या कानाशी वाकून म्हणाली, "काकांच्या पाया पड रे. आपल्यापायी लय केलं त्यांनी."

हैबतीला मागे सरायचं होतं, पण मागे भिंत होती. पांडू वाकला. त्याने पायांना हात लावला. हैबतीचा हात सवयीप्रमाणे पोराच्या डोक्यावर गेला.

हात टेकला तसे पांडूने डोळे घट्ट मिटले, गाल फुगवले आणि दम धरला. हैबतीने हात काढून घेईपर्यंत तो तसाच वाकून राहिला. मग श्वास सोडून तो आईमागोमाग पायऱ्या उतरला.