दाईची नखं

त्या मालिकेचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला? दर शनिवारी रात्री भुताची नवी गोष्ट, नवं गाव, नवे नट आणि सुरुवातीला पाटी : सत्य घटनेवर आधारित. त्यातला चौदावा भाग आमच्या गावावर होता. पिंपळगाव राजापासून सात किलोमीटर आत आमचं गाव आहे. त्याचंही नाव घेत नाही. जेवढं खराब व्हायचं तेवढं झालं आहे.

आणि ते माझ्यामुळे झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या कोणाला द्यायच्या याचा घोळ नको.

मी प्रेमानंद. गावाच्या तोंडी परमानंद. पिंपळगावात जळालेल्या पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून देतो. मुंबईच्या कुण्या मनाली मॅडमनी फेसबुकवर ‘तुमच्या गावातली खरी भीती कळवा’ असं टाकलं होतं. मी चार पानं लिहून पाठवली. त्यात आमच्या रुक्मिणीबाईची गोष्ट होती.

रुक्मिणीबाई आमच्या बौद्धवाड्यातली दाई. पंचाहत्तरी उलटली. सारं गाव तिला माय म्हणतं. आता बाळंतपणं खामगावला दवाखान्यात होतात, पण घरी आणलेल्या लेकराला तेल लावून न्हाऊ घालायला सव्वा महिना मायच लागते. वामनराव पाटलांच्या घरीसुद्धा. लेकराला तिचे हात चालतात. तिच्या घरचा चहा मात्र चालत नाही. पाटलांकडे चहा मिळाला तर तिनं ओट्याखाली बसून प्यायचा, आपला कप आपण विसळायचा आणि गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवायचा. त्या कपाला कान नाही. चाळीस वर्षं तोच कप आहे.

गोष्ट अशी होती. एकोणतीस वर्षांपूर्वी वामनरावांची बायको गीताबाई अडली. नाल्याला पूर, खामगावचा रस्ता बंद, आणि लेकराचा पाय आधी बाहेर आलेला. पायाळू. माय चिखलातून सरकारी आरोग्य उपकेंद्राकडे पळाली. तिथं कुलूप. आठ दिवसांपासून तिथं कोणी फिरकलंच नव्हतं. मायनं दगडानं कुलूप फोडलं, कपाटातून नवं ब्लेड, दोरा आणि हातमोजे घेतले, आणि दुपारी चार वाजता गोविंदाला जन्माला घातलं. मग लेकरामागून पडलेली वार तिनं गोठ्यामागच्या निंबाखाली हातभर खड्ड्यात पुरली आणि वर चपटा दगड ठेवला. कुत्र्यानं उकरू नये म्हणून. आमच्याकडे सगळ्यांच्याच वारेवर असा दगड असतो. माझा आमच्या न्हाणीमागे आहे. त्यावर आई कपडे धुते.

मनाली मॅडम कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. मायच्या अंगणात बसल्या. गोड बोलत होत्या.

"आजी, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?"

"कुलूप पाह्यलं तवा."

"नाही, म्हणजे काही दिसलं का? आवाज वगैरे?"

"दिसलं ना. कुलूप दिसलं."

मॅडम हसल्या. मग त्यांनी मायच्या हातांचं शूटिंग घेतलं, निंबाचं घेतलं, दगडाचं घेतलं. जाताना म्हणाल्या, "आजी, आमच्या भागाचे हिरो तुम्हीच."

"हिरो त गडीमाणूस असते व बाई," माय म्हणाली. पण पुढचे दोन महिने ती विचारत राहिली, "परमानंदा, कवा दाखवतेत रे?"

दाखवलं. शनिवारी रात्री लाईन नव्हती, म्हणून रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा वामनरावांच्या ओट्यावर टीव्ही मांडला. त्या घरात आधीच आनंद होता. गोविंदाच्या बायकोला, पुष्पांजलीला, मुलगा होऊन सहा दिवस झाले होते. चार दिवसांपासून माय त्याला न्हाऊ घालत होती. त्या दिवशीही लेकराला न्हाऊ घालून, धुतलेलं लुगडं नेसून ती ओट्याखाली पोत्यावर बसली होती. गीताबाई दारात होती.

"दुपारचं भूत?" एसटीचे रिटायर कंडक्टर जानराव म्हणाले. "त्याले काय ओव्हरटाइम देतेत का?"

सगळे हसले. ते शेवटचं मोकळं हसणं.

भाग सुरू झाला आणि दुसऱ्या मिनिटाला मला कळलं की आपण गाढवपणा केला. सुरुवातीला मायचे खरे हात दिसले. आमचा निंब, आमचा दगड. मग एक बाई आली. मोकळे केस, काजळ गालापर्यंत ओघळलेलं आणि बोटभर वाढलेली काळी नखं. ही म्हणे गावची दाई. ही पायाळू पोरं हेरते, कारण जमिनीतलं गुप्तधन काढायला पायाळू पोराचा बळी लागतो. ही वार पुरते ती मंत्र म्हणून. पूर नाही, उपकेंद्र नाही, कुलूप नाही.

बरं, खोटं तर खोटं, निदान भीती तरी वाटावी! जानराव शेजारी बसून एसटीचे थांबे सांगावेत तसे सांगत होते. "आता लाईट जाते पाहा." गेली. "आता मांजर." काळं मांजर आलं. "आता ते पोरगी इचारीन, कोण आहे तिकडं?" पोरीनं विचारलं, कोण आहे तिकडे? "आता मांगून खांद्यावर हात." हात आला. एकही थांबा चुकला नाही. शेवटी पायाळू पोरगं दगडाखाली मेलं, दाई जळाली, आणि मेलेल्या दाईनं डोळे उघडले. त्याआधी जानरावांनी सांगितलं होतंच, "आता डोये उघडते."

ह्यांना रग्गड पगार मिळतात. ह्यांच्याकडे कॅमेरे आहेत, दिवे आहेत, धूर सोडायचं यंत्र आहे. आणि बाई मरत असताना बंद असलेलं कुलूप ह्यांना भीतीचं वाटत नाही! ह्यांना मांजर लागतं. शंभर वेळा उगाळलेलं मांजर, म्हातारी बाई आणि तिचे मोकळे केस. गरिबाघरची म्हातारी दिसली की ह्यांच्या डोक्यात चेटकीणच येते, दुसरं काही येतच नाही.

टीव्ही बंद झाला. सगळ्यांनी मायकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. "दूध उतू जाईन," म्हणत गीताबाई आत गेली. ज्या बाईचा जीव मायनं वाचवला होता, ती दुधाकडे गेली.

माय पोतं झटकून उठली. वाटेत मला एवढंच म्हणाली, "त्या बाईची नखं पाह्यली का रे? नखं वाढवून कोणी दाई होते का? लेकराचे डोये फुटतीन ना."

सोमवारी सकाळी गोविंदा मोटारसायकलवर मायच्या दारात आला. मी तिथंच होतो. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही.

"माय, आईनं सांगतलं, काही दिवस येऊ नको म्हणून. लोकं बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले बे?" मी म्हणालो. "तू पायाळू आहे म्हणून तुहा बळी देल्ला का हिनं? मंग गाडीवर कोण बसलं, तुहं भूत?"

"मले काऊन बोलतं? म्या नाही म्हटलं. आई म्हणते."

"अन् तुले तोंड नाही?"

"परमानंदा," माय म्हणाली, "जाऊ दे त्याले. पेट्रोल जळून राह्यलं त्याचं."

मी मनाली मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, चॅनेलला हॉरर लागतं. आणि आम्ही सगळी नावं बदलली आहेत."

"दगड बदलला का? निंब बदलला का? तिचे हात बदलले का?"

"सर, प्रतिसाद खूप छान आहे. तुमच्याकडे आणखी एखादी गोष्ट असेल तर..."

मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

आता खरा प्रश्न बारशाचा होता. आमच्या गावची रीत आहे : ज्या बाईनं लेकराला न्हाऊ घातलं, तिनंच बाराव्या दिवशी ते पहिल्यांदा पाळण्यात ठेवायचं. मग आत्या कानात नाव सांगते. मायनं आजवर गावातली निम्मी माणसं पाळण्यात ठेवली आहेत. ह्या बारशाला बोलावलं नाही, तर गावानं ते भूत खरं मानलं. मग पुढचं कोणतंच लेकरू तिच्या हातात येणार नाही. माय हे बोलली नाही. पण शुक्रवारी मी तिच्याकडे गेलो तर ती कुडाला टेकून बसली होती आणि तिची नखं वाढलेली होती. पांढरी, जाड. मायची नखं वाढलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग लेकरू आजारी पडलं असेल आणि मायला बोलवावं लागलं असेल. नाही. तसं मालिकेत घडतं. लेकरू ठणठणीत होतं.

शनिवारी सकाळी मांडवातल्या पंख्याला करंट येत होता म्हणून गोविंदानं मला बोलावलं. मायला बोलावलं नव्हतं. मी स्टुलावर चढून वायर सोलत होतो. खाली बाया जमल्या होत्या. पाळणा सजला होता. गीताबाईनं लेकरू घ्यायला हात पुढे केले. पुष्पांजलीनं दिलं नाही.

पुष्पांजली दुसरबीडची. कमी बोलणारी. ती म्हणाली, "आई, तुम्हीच सांगितलं होतं ना, ज्या बाईनं न्हाऊ घातलं तिनंच ठेवायचं म्हणून?"

"आता कायले ते? दे इकडं."

"मग त्यांना बोलवा. तोवर हे माझ्या मांडीवरून हलत नाही."

मागून एक बाई म्हणाली, "अवं सूनबाई, टीव्हीत पाह्यलं नाही का तुवा?"

"पाहिलं की. त्यात पायाळू पोरगं मरतं." पुष्पांजलीनं मांडवाच्या खांबाकडे मान वळवली. "माझं तर तिथं उभं राहून पेढे खातंय."

गोविंदाच्या तोंडात खरंच पेढा होता. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गीताबाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "गोविंदा, जा, घेऊन ये तिले."

मी स्टुलावरून उतरलो आणि गोविंदाच्या मागे गाडीवर बसलो. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू निरोप्या आहे बाप्पा. जिनं येऊ नको म्हटलं, तिले पाठव."

मला वाटलं, संपलं. गीताबाई पाटलीण आमच्या बौद्धवाड्यात येणार? चाळीस वर्षांत तिचं पाऊल इकडे पडलं नव्हतं.

ती आली. भर अकराच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, चालत. वाड्यातल्या बाया दारात उभ्या राहिल्या.

"चाल रुक्मे," गीताबाई म्हणाली. "बाया खोळंबल्या."

"बसा पाटलीनबाई. चाय घ्या."

"चाय घ्यायले टाइम नाही व."

"मले त आहे. नखं वाढली माही. सहा दिवस काम नव्हतं. वाढल्या नखानं लेकराले हात नाही लावत म्या."

मायनं चूल पेटवली, चहा ठेवला, कपात ओतून गीताबाईच्या पुढ्यात ठेवला. मग उंबऱ्यात बसली, कागद पसरला आणि ब्लेडनं एकेक नख काढू लागली. घाई नाही. आधी अंगठा. नखाचा तुकडा कागदावर पडायचा तो आवाज ऐकू येत होता. चहावर साय धरली. गीताबाई एकदा कपाकडे पाही, एकदा दारातल्या बायांकडे. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, पी. एकदा पिऊन पाह्य.

डावा हात झाला. उजव्याचं दुसरं बोट चालू असताना गीताबाईनं कप उचलला आणि प्याली. घोटाघोटानं, सगळा.

"त्या दिवशीबी तुवा असंच केलतं," ती एकदम म्हणाली. "मी कळा देऊन राह्यली अन् तू उंबऱ्यात बसून नखं काढून राह्यली. म्या तुले शिव्या देल्या होत्या."

"आईवरून देल्या होत्या," माय मान वर न करता म्हणाली.

गीताबाई हसली, मग डोळ्याला पदर लावला. माझ्याकडे वळून म्हणाली, "हे काऊन नाही दाखवलं रे त्याहीनं?"

हे माझ्या चार पानांतसुद्धा नव्हतं. मी कुलपाशी थांबलो होतो. त्या खोलीत काय झालं ते त्या दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक रविवारी दुधाकडे निघून गेली होती.

"आता बारशात सांग काकू," मी म्हणालो. "सगळ्या बायांपुढं सांग."

"सांगीन," ती म्हणाली.

दहावं नख पडलं. मायनं कागदाची पुडी केली, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि चपला घातल्या. गीताबाई रिकामा कप घेऊन उभी होती. स्वतःच्या घरच्या रीतीनं तिची नजर रांजणाकडे गेली, कुठे विसळावा म्हणून.

"राहू द्या तो," माय म्हणाली. "आमच्या घरी पाव्हण्याले कप धुवा लागत नाही."